अडचण श्वास सोडण्याची

दम लागला की आजूबाजूची माणसे एकच सल्ला देतात : "मोठा श्वास घ्या." फुफ्फुसाचा जुनाट विकार असलेल्या माणसाला हा सल्ला बहुधा उलटा पडतो. त्याची खरी अडचण हवा आत घेण्यापेक्षा बाहेर टाकण्याची असते.

विटा परिसराला हा विषय दूरचा नाही. गावात यंत्रमाग आहेत आणि सुताची धूळही आहे. या भागातील गलाई कारागीर सोने-चांदी शुद्ध करण्यासाठी देशभर गेले. त्या कामात नायट्रिक आम्लातून निघणारा तपकिरी वायू श्वासनलिकांना अपाय करतो. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांना विडीला हातही न लावता हा आजार होऊ शकतो. आपण त्याला सरसकट दमा म्हणतो, डॉक्टर 'सीओपीडी' म्हणतात.

वर्गात दोन फुगे न्यावेत. नवा फुगा फुगवून सोडला की आपोआप रिकामा होतो. बरेच दिवस फुगलेला, सैल पडलेला फुगा तेवढ्या जोमाने होत नाही. निरोगी फुफ्फुस नव्या फुग्यासारखे असते. आजारात वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि ही लवचिकता जाते. याच भिंती बारीक श्वासनलिकांना चहूबाजूंनी ताणून उघड्या धरतात. तो आधारही सुटतो. मग रुग्ण जोर लावून श्वास सोडू लागला, की छातीतला दाब नलिकांवरही पडतो. त्या मिटतात आणि हवा मागेच कोंडते.

आता साधे गणित पाहू. मिनिटाला 15 श्वास असतील तर प्रत्येकाला 4 सेकंद मिळतात, 30 असतील तर फक्त 2. घाबरून श्वास जलद झाला की सोडायला जेमतेम एक सेकंद उरतो. शिल्लक हवा साठत जाते, छाती फुगलेलीच राहते, श्वासपटल सपाट होते आणि पुढच्या श्वासाला जागाच नसते.

यावरचा उपाय सोपा आहे. तोंड मिटून नाकाने हळू श्वास घ्यावा, मनात दोन अंक मोजावेत. मग शीळ घालताना करतो तसे ओठ करून, बशीतल्या चहावर फुंकर घालावी तितक्याच हलकेपणाने, चार अंक मोजत सोडावा. गाल फुगवू नयेत, जोर लावू नये. अरुंद ओठांमुळे आतल्या नलिकांत थोडा दाब टिकतो व त्या उघड्या राहतात. शिवाय श्वासांची गती उतरते. खुर्चीत पुढे झुकून कोपरे मांड्यांवर टेकल्यास आणखी बरे वाटते. घागर उचलताना किंवा पायरी चढताना श्वास सोडावा, रोखून धरू नये.

पोटाने श्वास घेण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. छाती फार फुगलेल्या रुग्णाचे श्रम त्याने वाढू शकतात, म्हणून तो तज्ज्ञाला विचारूनच करावा. कपालभातीतील झटक्यांबाबतही आम्ही हेच म्हणू. कारण वर आलेच आहे.

हा सराव बरे वाटत असताना रोज करावा, म्हणजे ऐन धापेत आठवतो. त्याने झिजलेल्या भिंती परत येत नाहीत. फवाऱ्याचे औषध चालूच ठेवावे आणि धूर टाळावा. ओठ निळसर झाले, वाक्य पुरे करता येईना किंवा माणूस गुंगू लागला, तर मोजत न बसता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.