दोन एकरवाला हात कोणासाठी वर करतो?



शेती उत्पन्नावर आयकर बसवावा, असे कोणी नुसते बोलले तरी आपल्या भागात आधी खवळतो तो दोन एकरवाला. वास्तविक त्याला या कराची झळ लागायची नाही. २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकाने नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर आयकर लागू नये, अशी सोय केली. दोन एकर उसात एवढे कोणाला सुटले असेल, तर त्याचा आपण सत्कार करू! मग हा गडी राखण करतो कोणाची?

हा कराचा विचार काही परका नाही. तो आपल्याच जळगाव जिल्ह्यात मांडला गेला. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. पं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. तिथल्या शेतीविषयक कार्यक्रमात दोन गोष्टी जोडीने होत्या : न परवडणाऱ्या लहान जमिनीला सारा माफ, आणि ठराविक मर्यादेवरच्या शेती उत्पन्नाला चढत्या दराने कर. पुढे १९७२ साली राज समितीने मोठ्या जमिनींवर कर सुचवला. राज्यांनी तो उचलला नाही. फैजपूरची पहिली गोष्ट आपल्या लक्षात राहिली, दुसरी विसरली गेली.

लहान शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. त्याची कारणे आहेत.

पहिले, भय. पारावर म्हणतात, "आज त्यासले, उद्या आपले." सरकारी माणूस एकदा बांधावर आला की तो लहानमोठा पाहत नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती.

दुसरे, गरज. विहीर आटली तर पाणी शेजारच्या बागायतदाराचे, ट्रॅक्टर त्याचा, लेकीच्या लग्नाला उसनवारीही त्याच्याकडेच. त्याच्याविरुद्ध बोलायचे कोणत्या तोंडाने?

तिसरे, नाव एकच. "शेतकरी" म्हटले की लहान-मोठे सारे एकाच गाडीत. १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनात शरद जोशींनी रास्त भावासाठी सर्वांना एकत्र आणले. त्या एकीत बळ होते, हे नाकारता येत नाही. भाव वाढला तर लहानालाही मिळतोच.

पण किती मिळतो, तेही पाहावे. टनाला १०० रुपये वाढले, तर ८० टन घालणाऱ्याला ८ हजार आणि १,००० टन घालणाऱ्याला १ लाख. ऊस तोडणाऱ्या मजुराकडे तर विकायला टनच नाही. घोषणा सर्वांच्या नावाने, वाटप मात्र टनावर! करमाफीचेही तसेच : ज्याचे उत्पन्न मोठे, त्याची माफी मोठी.

२०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यातल्या दर ५ खातेदारांपैकी सुमारे ४ जण दोन हेक्टरांच्या आतले निघाले. सहकारी कायद्यात भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. म्हणजे मोजणीत जोर लहानांचाच आहे.

शेतीवर कर असावा की नसावा, यावर मतभेद असू शकतात. आमचे म्हणणे एवढेच, की वार्षिक सभा असो वा मतदान केंद्र, आधी तीन प्रश्न विचारावेत : यात मला किती, मोठ्याला किती, आणि पैसा कोणाच्या खिशातून? खताच्या गोणीवरचा कर लहानही भरतोच ना!

उत्तर मिळाल्यावर खुशाल बागायतदाराच्या बाजूने हात वर करा. फक्त हिशेब आपला आपण केलेला असावा.