करवंदीचे लाड नकोत

मे महिन्यात घाटातून येताना रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात करवंदं विकायला असतात. 'डोंगरची काळी मैना' अशी हाक ऐकली की गाडी थांबते. मग फळ दातांनी फोडून आतला रंग पाहायचा: लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. खेळ संपला की बिया खिडकीबाहेर. यंदा त्या बिया थुंकू नका, कागदात बांधून घरी आणा.

करवंदीचं बी फार दिवस टिकत नाही. डब्यात घालून पुढच्या वर्षी पेरू म्हटलं तर बहुतेक फसतं. पूर्ण पिकलेल्या फळातलं बी धुवून, दोन-तीन दिवस सावलीत सुकवून पावसाच्या तोंडावर पिशवीत लावावं. रोप पहिल्या वर्षी रेंगाळतं. ते पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावलं की तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दिसू लागतं. बियांच्या रोपांत फळाचा आकार आणि गोडी सारखी उतरेलच असं नाही. मोठं फळ हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही जात आहे; तिचं कलम विचारावं.

जागा निवडताना डोंगरावरची जाळी डोळ्यांसमोर आणावी. कातळाच्या फटीत, मुरमाड जमिनीत, डोक्यावर दिवसभर ऊन आणि पावसाळा संपला की पाणी नाही. बागेत आल्यावर आपण तिला शेणखत, युरिया आणि रोजचं पाणी देतो. मग ती हिरवीगार माजते आणि फळ धरत नाही. खड्ड्यात घमेलंभर कुजलेलं खत पुरे. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावं, नंतर हात आखडता घ्यावा. करवंदीला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे मुळाशी साचलेलं पाणी. गच्चीवर मोठ्या ड्रममध्येही ती वाढते. तळाला भोकं मात्र नीट हवीत.

कुंपणासाठी हिच्यासारखं झुडूप नाही. हात-दीड हातावर रोपं लावली की तीन-चार वर्षांत गुरंही शिरणार नाहीत अशी भिंत उभी राहते. काटे जोडीने येतात, काही टोकाशी दुभंगलेले असतात. म्हणून मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर करवंद लावू नये.

छाटणीची वेळ चुकली की वर्ष वाया जातं. फुलं फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. फळं उतरली की लगेच, पावसाच्या सुरुवातीला छाटावं, म्हणजे फुलोऱ्यासाठी नवे शेंडे तयार होतात. कुंपण नीटनेटकं दिसावं म्हणून थंडीच्या अखेरीस कात्री चालवणारा माणूस त्या वर्षीची करवंदंच कापत असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाईसारखी पांढरी, सुवासिक फुलं येतात, तेव्हा कात्री कपाटातच बरी.

करवंद कण्हेर, चाफा, सदाफुली यांच्या कुळातली. तोडलं की पांढरा चीक येतो आणि बोटांना चिकटतो. तोडणीआधी हाताला तेल चोळलं तर तो सहज निघतो. एप्रिलमधली हिरवी, आंबट करवंदं लोणच्याला आणि चटणीला. त्यांत पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेली छान जमते. बेकरीतल्या केकवर जी लाल 'चेरी' असते, तीही पुष्कळदा रंगवलेलं, पाकवलेलं करवंदच असते.

पिकलेलं फळ मात्र दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, त्यामुळे बाजारात ते फार दूर जात नाही. दारात झुडूप असण्याचा खरा फायदा हाच. निम्मी करवंदं हिरवी असतानाच बरणीत घालावी, उरलेली झाडावर काळी होऊ द्यावी. बुलबुल त्यातला वाटा घेणारच. मे महिन्यात सकाळी त्यांच्या आधी उठलात, तर कोंबडा की कोंबडी हे घरच्या अंगणातच ठरेल.