उडालेल्या पत्र्याची सुपली

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आंजर्ल्यातल्या किती घरांचे पत्रे उडाले! वाकलेले काही तुकडे आमच्या पडवीत पडून होते. भंगारात घालण्याआधी मुलांना घेऊन आम्ही त्यांची सुपली करायला बसलो.

आधी जाड हातमोजे. उघड्या हाताने पत्रा ओढून आम्ही अंगठा कापून घेतला, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले, तेव्हा हा नियम झाला. पन्हाळी पत्रा फळीवर ठोकून सपाट करावा, खिळ्याने आखून पत्राकात्रीने कापावा. कोपऱ्यांत चीर देऊन तीन बाजू लाकडाच्या कडेवर वाकवाव्यात, कान आत वळवून रिवेट मारावेत. हजरत दाऊद (अ.) यांच्या हाती अल्लाहने लोखंड मऊ केले होते, आम्हाला मात्र हातोडीच लागली. उघडी कड पाव इंच दुमडून ठोकावी, कानस फिरवावी. हा कंटाळा केला, तर सुपली रोज कुणाचा तरी हात कापणार.

छपराच्या पत्र्यावर जस्त असते. त्याला वेल्डिंग नको, धुराने ताप भरतो. चिंच-कोकमही त्यात ठेवू नये, आंबटात जस्त उतरते.

मूठ स्टेनलेसच्या तुकड्याची केली. भांड्यांच्या चांगल्या स्टीलला, म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेलवाल्याला, लोहचुंबक सहसा चिकटत नाही. त्याला भोक पाडताना ड्रिल सावकाश फिरवावे, दाब जास्त, थेंबभर तेल. घाई केली की स्टील कडक होते आणि ड्रिलचे टोक जळते. आमची दोन गेली.

एक कोपरा वाकडाच राहिला. अम्मी तिनेच चुलीची राख भरतात.