देवाची इच्छा चिठ्ठीत सापडते का?

31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना आटोपली की काही मंडळ्यांमध्ये ताट फिरतं. त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या असतात. ज्याने जी उचलली ते त्याचं वर्षाचं वचन. प्रथा गोड आहे. पण नोकरी सोडायची का, मुलीच्या स्थळाला होकार द्यायचा का, हेही चिठ्ठीवरून ठरू लागलं की घोटाळा होतो.

सगळ्यांत लाडकं वचन यिर्मया 29:11. समज असा, की देवाने माझ्यासाठी भलं योजलंय, म्हणजे माझं काम लवकरच फत्ते. वस्तुस्थिती अशी की हे वचन एका पत्रातलं आहे. यरुशलेमेतून यिर्मयाने ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना धाडलं होतं. त्याच्या लगेच आधीच्या वचनात 70 वर्षांची मुदत आहे. ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांचे डोळे तिथेच मिटणार होते! दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगणारा हनन्या होताच, पण तो खोटा संदेष्टा ठरला. मग तोवर करायचं काय? घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा आणि ज्या नगरात बंदिवान आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. माझ्या मते देवाच्या इच्छेचा इतका घरगुती तपशील बायबलात क्वचितच मिळतो.

दुसरा दाखला गिदोनाच्या लोकरीचा, जी पसरून त्याने देवाकडे खूण मागितली होती. खूण मागितल्याशिवाय देवाची इच्छा कळत नाही, असं त्यावरून मानतात. पण गिदोनाला ती आधीच कळली होती. लोकर पसरताना तो स्वतःच देवाला त्याच्या शब्दाची आठवण देतो. कमी होता तो धीर.

चिठ्ठ्या टाकून प्रेषितपदासाठी मत्थियाची निवड झाली, हे खरं. पण ती पन्नासाव्या दिवसापूर्वी, म्हणजे पवित्र आत्मा उतरण्याआधी. त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत चिठ्ठ्या दिसत नाहीत. परराष्ट्रीयांच्या सुंतेचा वाद यरुशलेमेत आला, तेव्हा भरपूर वादविवाद झाला, अनुभव सांगितले गेले, शास्त्र उघडलं आणि मग निर्णय झाला.

मार्ग सुरळीत म्हणजे देवाची इच्छा, अडथळा म्हणजे नकार, हेही तितकंसं खरं नाही. आशिया प्रांत आणि बिथुनियाचे रस्ते बंद झाल्यावर पौलाला मासेदोनियाचा दृष्टान्त झाला. तिथे फिलिप्पैत काय मिळालं? फटके आणि तुरुंग.

जोडीदाराबद्दल तर एकच नाव स्वर्गात लिहिलेलं असतं आणि ते चुकलं की जन्म वाया, अशी धास्ती असते. पौल विधवेला मात्र सरळ सांगतो, की पसंत असेल त्याच्याशी लग्न कर, फक्त प्रभूमध्ये. निवड तिची.

जे स्पष्ट आहे ते तर शोधावंही लागत नाही. पवित्र राहणं, सर्व परिस्थितीत उपकार मानणं (1 थेस्सलनी. 4:3, 5:18), न्यायाने आणि नम्रतेने वागणं (मीखा 6:8). उरलेल्या गोष्टींसाठी प्रार्थना करावी, जाणत्यांचा सल्ला घ्यावा, आपली अक्कलही वापरावी. संत इग्नेशियस लोयोला यांची एक सूचनाही कामाची आहे: मन उदास असताना आधी केलेला निश्चय बदलू नये.

आणि कुणी ‘देवाने मला तुमच्याबद्दल सांगितलंय’ म्हणत जमीन विकायला किंवा ठरलेलं लग्न मोडायला लावत असेल, तर थांबा, घरच्यांशी बोला, वचन तपासा. बिरुयातले लोक पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्राशी ताडून पाहत आणि बायबलात त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलेलं आहे.