मुंबई हायचे तेल कुठवर पुरणार?
मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर 1974 मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रातून 1976 पासून तेल निघू लागले आणि 1980 च्या दशकात देशाच्या गरजेचा मोठा हिस्सा त्यावर भागू लागल्याने स्वयंपूर्णतेची भाषा सुरू झाली. ती अकालीच ठरली. येथील तेल मुख्यतः चुनखडीच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेले असून, उपसा वाढतो तसा आतला दाब घटतो, म्हणून समुद्राचेच पाणी शुद्ध करून विहिरींत सोडून तेल पुढे रेटावे लागते, तरीही बराच भाग खडकातच अडकून राहतो. साठा म्हणजे आजच्या तंत्राने व भावात काढणे परवडेल तेवढेच तेल, ही बाब घोषणांच्या गदारोळात सोयीस्करपणे विसरली जाते. आज भारत कच्च्या तेलाची 85 टक्क्यांहून अधिक गरज आयातीने भागवतो.