सिग्नल चार, खरखर दोन

ठाण्यात टेंभी नाक्यावर शॉर्टवेव्ह ऐकायची तर आधी घरातल्यांची समजूत काढावी लागते. एलईडी दिवे बंद, मोबाइलचे चार्जर प्लगातून बाहेर, वायफायही बंद. एवढं करून शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर आहेच. नवरात्रात तर देवीच्या रोषणाईपुढे रेडिओ हात टेकतो. तेव्हा मी सेट काढतच नाही.

एरवी रात्री बॅटरीवरचा सेट घेऊन गॅलरीत बसतो. कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून तांब्याची तार ताणलेली आहे, तिचं टोक चिमट्याने एरियलला लावतो. ३१ मीटरच्या पट्ट्यात काटा केसभर सरकवत गेलं की आधी खरखर, मग दोन स्टेशनं एकमेकांवर चढल्याची शिट्टी आणि अचानक मधेच स्वच्छ हिंदी. चीनचं केंद्र सगळ्यांत ठणठणीत लागतं. पैसा बोलतो म्हणतात तो असा.

मग वही. ऐकल्याचा अहवाल केंद्राला पाठवायचा तर वेळ ग्रिनिच लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रात्रीचे साडेनऊ तिथे १६:००. त्यापुढे ‘सिनपो’चे पाच आकडे: सिग्नलचा जोर, दुसऱ्या स्टेशनचा त्रास, खरखर, आवाजाचं वरखाली होणं आणि एकूण मत. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे कठीण. आमच्या नाक्यावर तिसरा आकडा दोनच्या वर क्वचितच जातो. खेरीज काय ऐकलं ते मिनिटांसकट लिहायचं, नाहीतर घरबसल्या थापा मारल्यात असं केंद्रवाल्यांना वाटायचं. बदल्यात क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोचपावती, येतं.

हा फुकटचा कारकुनी उद्योग ही केंद्रं चालवणाऱ्या सरकारांना हवा असे. हजारो मैलांवर फेकलेला आवाज ठाण्यात पोचला की नाही, हे ठाणेकरच सांगणार. आपल्याकडे एवढं लक्ष द्यायची हौस त्यांना का, हेही उघड होतं. १९४२च्या जानेवारीत सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ जर्मनीतून सुरू झाला. त्याच्या भाषांत मराठीही होती. बीबीसीने १ मार्चला मराठी सुरू केली. लंडनमध्ये जॉर्ज ऑर्वेल इंग्रजीत वार्तापत्रं लिहायचा, त्यांचे मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अनुवाद होत. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे त्याच विभागात काम करत. बर्लिन आणि लंडन, दोघांनाही एकाच वर्षी मराठी माणसाचा कान हवा होता!

१९५८च्या डिसेंबरात बीबीसीची मराठी बंद झाली. ती परतली २०१७च्या ऑक्टोबरात, ब्रिटिश सरकारच्या वाढीव अनुदानावर. पण मोबाइलवर, रेडिओवर नव्हे. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण २०२०च्या जानेवारीअखेर थांबलं. जर्मनीच्या डॉइच वेलेच्या सुरुवातीला वाजणारी बेथोव्हनच्या ‘फिडेलिओ’तली धूनही आपल्यापुरती त्यांच्या शॉर्टवेव्हवरच्या हिंदीबरोबर २०११मध्येच गेली.

हल्ली काही जण नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून फिरवतात आणि तिथे ऐकलेल्याचा अहवाल इथल्या पत्त्यावरून धाडतात. तिकडे खरखर कमी, सिनपो झकास येतो. मला ते पटत नाही. ठाण्याचा पत्ता लिहायचा तर खरखरही ठाण्याचीच लिहावी.