हेल्मेटपलीकडची सुरक्षा

बांधकामावरची सुरक्षा म्हणजे हेल्मेट आणि बेल्ट, ही समजूत सर्वांत घट्ट आहे. वरून पडणाऱ्या नटबोल्टपासून हेल्मेट डोके वाचवते. उंचावरून पडणाऱ्या माणसाला ते तारत नाही. सुरक्षेच्या उपायांत अशा साधनांचा क्रमांक शेवटचा, तर धोका मुळातच काढून टाकण्याचा पहिला. मनमाडला मध्य रेल्वेच्या इंजिनिअरिंग कारखान्यात ब्रिटिश काळापासून पुलांची लोखंडी कामे होतात. तिथे हे तत्त्व सहज कळते: छिद्रे पाडणे, वेल्डिंग, जोड जुळवून पाहणे जमिनीवर, छपराखाली उरकले, की रुळांच्या वर अधांतरी करायचे काम तेवढे घटते.

‘अपघात मजुराच्या निष्काळजीपणामुळे होतात’ हा दुसरा गैरसमज. त्याला जुना आधारही आहे. अमेरिकेतील हर्बर्ट हाइनरिक यांनी 1931 साली 88 टक्के अपघातांचे खापर माणसाच्या असुरक्षित कृतीवर फोडले. पण त्यांची माहिती विमा दाव्यांतून आणि कारखानदारांच्या नोंदींतून आली होती. दोष कुणाच्या नावावर लिहिला जाणार हे त्यात जवळजवळ ठरलेलेच! रेल्वेपुलाचा गर्डर, म्हणजे अवजड तुळई, चढवताना गाड्या थांबवून ठरावीक वेळेचा ब्लॉक मिळतो. तो उशिरा सुरू झाला आणि संपण्याची वेळ मात्र तीच राहिली, तर पुढची घाई एकट्या मजुराची चूक कशी? शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर 31 जुलै 2023 च्या रात्री गर्डर बसवण्याची यंत्रणा कोसळून 20 जण दगावले. त्यांत मजुरांबरोबर अभियंतेही होते. एवढ्या अवजड यंत्रणेखाली व्यक्तिगत सावधगिरी पुरत नाही.

‘इतके दिवस अपघात नाही’ असा फलक म्हणजे सुरक्षित साइट, हेही खरे नाही. रोजंदारी बुडेल या भीतीने बिगारी किरकोळ जखम लपवतो; फलकावरचा आकडा शून्यावर येऊ नये म्हणून मुकादमही गप्प बसतो. क्रेनची साखळी निसटली, पण कुणाला लागले नाही, हा प्रसंग नोंदवला गेला आणि सांगणाऱ्यावर कारवाई झाली नाही, तरच पुढची साखळी वेळेत बदलली जाते. काम थांबवण्याचा अधिकार बिगाऱ्यालाही असावा लागतो, आणि तो वापरल्यावर त्याचा खाडा धरला जाऊ नये.

छोट्या कामांना कायदा लागत नाही, ही समजूत ठेकेदारांना सोयीची आहे. 1996 चा बांधकाम कामगार कायदा 10 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती मात्र 500 पासून होती. 2020 च्या कामगार सुरक्षाविषयक संहितेने बांधकामासाठी ही मर्यादा 250 वर आणली. सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक नसलेल्या साइटवरही सुरक्षित कामाची जागा देण्याची जबाबदारी मालकाचीच राहते.